परतीचा हिशेब आधी मांडून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

अमेरिकेतील नोकरी संपवून आम्ही उभयता पुण्यास परतलो आणि सोशल सिक्युरिटीचे (अमेरिकी सरकारच्या सामाजिक सुरक्षा योजनेचे) निवृत्तिवेतन दरमहा बिनबोभाट जमा होते आहे, याचे श्रेय जाहीरपणे आपल्या पदरात घालावे म्हणून हे पत्र लिहितो.

नागरिकत्व न घेता परतणाऱ्यांना सल्ला देणारे आमच्या ओळखीत पैशाला पासरी होते. कोणी म्हणे ग्रीन कार्ड परत केले की पैसे बंद, तर कोणी म्हणे काही होत नाही, खुशाल जा. आपण मात्र माझ्या कमाईचे विवरणपत्र मागवून घेतलेत आणि वर्षाला जास्तीत जास्त ४ क्रेडिट (कमाईवर मिळणारे पात्रतेचे गुण) या हिशेबाने पेन्सिलीने एकेका वर्षापुढे आकडा मांडत गेलात. बेरीज ४० च्या पलीकडे गेल्यावरच आपण सांगितलेत की, परदेशी नागरिक सलग ६ महिने अमेरिकेबाहेर राहिल्यास एरवी निवृत्तिवेतन थांबते, परंतु भारतीय नागरिकाने स्वतःच्या कामावर ४० क्रेडिट मिळवली असतील तर ते भारतातही चालू राहते.

पत्नीचे प्रकरण निराळे होते. माझ्या कमाईच्या नोंदीवर तिला मिळणारी रक्कम भारतात चालू राहण्यासाठी ती माझी पत्नी या नात्याने किमान ५ वर्षे अमेरिकेत राहिली असली पाहिजे, आणि मागणी झाल्यास ते दाखवता आले पाहिजे, हे आपण ध्यानात आणून दिलेत. जुने भाडेकरार, टॅक्स रिटर्न आणि रद्द झालेले पासपोर्ट रद्दीत जाता जाता वाचले ते आपल्यामुळेच.

त्याहून मोठे उपकार म्हणजे कटू गोष्टी आपण तिकिटे काढण्यापूर्वी सांगितल्यात. ग्रीन कार्ड सोडल्यावर कराच्या दृष्टीने माणूस अनिवासी ठरतो, आणि मग निवृत्तिवेतनाच्या ८५ टक्के रकमेवर ३० टक्के कर, म्हणजे हजार डॉलरमागे २५५ डॉलर आधीच कापले जातात. भारत-अमेरिका कर-करारातील सूट सरकारी नोकरीवर आधारलेल्या निवृत्तिवेतनापुरती असल्याने माझ्यासारख्या खासगी नोकरदाराला तिचा उपयोग नाही. मेडिकेअर (अमेरिकी सरकारचा आरोग्य विमा) भारतातील उपचारांचा खर्च देत नाही, हेही त्याच बैठकीत कळले. (ऐकताना घशाला कोरड पडली होती, पण घरखर्चाचे अंदाजपत्रक खरे बनले ते त्या संध्याकाळी.) अपंगत्वामुळे एसएसआय (अल्प उत्पन्न असलेल्यांना मिळणारी अमेरिकी सरकारी मदत) घेणाऱ्या एका परिचितांना तर आपण स्पष्टच बजावलेत की, ती मदत सलग ३० दिवस देशाबाहेर राहिल्यावर थांबते, तेव्हा तिच्या भरवशावर परतीचा बेत आखू नये.

निघताना आपण दिलेल्या फायलीवर पिवळी चिठ्ठी होती: "सोशल सिक्युरिटीची प्रश्नावली टपालाने येईल, जाहिरात समजून टाकू नका, उत्तर गेले नाही तर पैसे थांबतील." भारतातील प्रकरणे फिलिपिन्समधील मनिला येथील अमेरिकी दूतावासातील विभाग पाहतो, ही नोंदही तिच्याखाली होती. अन्यथा मी दिल्ली-मुंबईलाच खेटे घालत बसलो असतो. सरकारी पत्रके सर्वांना वाचायला मिळतात, मात्र आपल्या बाबतीत त्यातले नेमके कोणते कलम लागू होते हे शेजारी बसून, एक पैसाही न घेता, समजावून देणारे माणूस क्वचितच भेटते.

यंदाची प्रश्नावली भरून स्पीड पोस्टाने रवाना केली आहे. परतीच्या विचारात असलेल्या कोणाला इथल्या बँकेची किंवा आरोग्य विम्याची माहिती हवी असल्यास निःसंकोच माझ्याकडे पाठवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला ऋणी,
एक निवृत्त पुणेकर