रात्रभर आयडलवर ठेवा म्हणालात, आता वॉरंटी नाकारता?

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मोटरहोमचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) चोंदणे, इंजिन ऑइलमध्ये डिझेल उतरणे आणि वॉरंटीचा दावा ‘गैरवापर’ ठरवून फेटाळणे याबाबत तक्रार.

महोदय,

आपण बांधून दिलेल्या मोटरहोमसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, केलेला माझा वॉरंटीचा दावा आपण एका ओळीत निकालात काढलात: “ग्राहकाने गाडी उभी असताना इंजिन दीर्घकाळ आयडलवर चालवले.” आयडलवर, म्हणजे गाडी न हलवता इंजिन नुसते सुरू ठेवून, चालवले, यात वादच नाही. तसे चालवायला आपणच सांगितले होते, आणि नुसते तोंडी नव्हे, छापून दिले होते. आपल्या माहितीपुस्तिकेत ‘मुक्काम’ या मथळ्याखाली स्पष्ट लिहिले आहे की रात्री एसी हवा असल्यास इंजिन सुरू ठेवावे, त्याने आतल्या दिव्यांची व फ्रिजची बॅटरीही चार्ज होत राहते. त्या पानाची छायाप्रत जोडली आहे. गाडी ताब्यात देताना आपल्या विक्री प्रतिनिधीने वर पुस्तीही जोडली होती: “काका, डिझेल इंजिन आहे, रात्रभर ठेवा. ट्रकवाले ठेवतातच की.”

घडले ते थोडक्यात सांगतो. गणपतीपुळ्याकडचा मुक्काम आटोपून कुटुंबासह परत येताना साखरप्याच्या पुढे आंबा घाटाच्या चढाला इंजिनाची ताकद एकदम गेली. डॅशबोर्डवर आधी पिवळा आणि मग लाल दिवा, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबूनही गाडी पुढे सरकेना, मागे एसटी आणि उसाच्या ट्रॉल्यांची रांग. रांगत रांगत घाटमाथा गाठला, तिथून मलकापूर, बांबवडे करत कोल्हापूर. चासिस कंपनीच्या, म्हणजे ज्यावर आपण बॉडी बांधलीत तो इंजिनासह सांगाडा बनवणाऱ्या कंपनीच्या, वर्कशॉपमध्ये लॅपटॉप लावल्यावर कळले की डीपीएफची जाळी पूर्ण भरली आहे. गाडी उभी करून जाळी जबरदस्तीने जाळून साफ करण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. नवी जाळी बसवावी लागली. बिल सोबत आहे, रक्कम आपणच वाचा.

माझी हयात शिवाजी उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, गेली. ऑइल इंजिनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लेथपासून तपासणीपर्यंत सगळे पाहिले आहे. म्हणून वर्कशॉपवाल्यांनी काही सांगण्याआधी मी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बाहेर काढली. ऑइलची खूण ‘मॅक्स’च्या रेघेच्या बरीच वर होती. इंजिन ऑइल पिते हे सगळ्यांना माहीत आहे, पण वाढते कसे? डिपस्टिकचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकला. मध्ये काळा ठिपका राहिला आणि भोवती पातळ पिवळसर वर्तुळ पसरत गेले, वास घेतला तर डिझेलचा. त्या कागदाचा फोटो जोडला आहे.

हे का होते ते आपल्या इंजिनिअरांना माहीत असणारच, पण आपल्या विक्री विभागाला नसावे, म्हणून लिहितो. जाळीतली काजळी जाळायला साधारण 600 अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती आणण्यासाठी इंजिनाचा कॉम्प्युटर सिलिंडरमध्ये उशिरा, ताकदीच्या झटक्यानंतर, थोडे जादा डिझेल फवारतो, ते पुढे एक्झॉस्टमध्ये पेटते. गाडी हायवेवर चांगल्या वेगाने धावत असेल तर काम काही मिनिटांत उरकते. आयडलवर धूर एवढा थंड असतो की जाळीतली काजळी पेटत नाही, साचत मात्र राहते. मग कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि टर्बोच्या (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) बेअरिंगपासून क्रँकपर्यंत सगळ्याची झीज वाढते. मीटरवर किलोमीटर वाढत नाहीत म्हणून गाडी नवी दिसते, इंजिनाचे तास मात्र भरत असतात. मुक्कामाची गाडी म्हणून विकलेल्या वाहनाला हे आज ना उद्या होणारच होते.

आता “ट्रकवाले ठेवतातच की” या वाक्याबद्दल. डिझेल इंजिनाचे नाव कशावर झाले हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पंचगंगेच्या काठाने उसाला पाणी पाजणारी आणि गुऱ्हाळाचा चरक फिरवणारी ऑइल इंजिने आम्ही लहानपणापासून ऐकली. लिस्टर जातीचे संथ इंजिन मिनिटाला साडेसहाशे फेरे घेई. जड फ्लायव्हील, बिडाचा ब्लॉक, यांत्रिक पंप, एक वायरसुद्धा नाही. असे इंजिन दिवस दिवस चालायचे, आणि बिघडलेच तर गावातला फिटर शेतातच उघडून बसायचा. रस्त्यावरच्या गाड्यांतही तेच. जर्मनीच्या बॉश कंपनीने 1927 साली डिझेल फवारणारा इंजेक्शन पंप कारखान्यात बनवायला घेतल्यावर डिझेल ट्रक खऱ्या अर्थाने रस्त्यावर आले. युरोपात ज्या मर्सिडीज व्हॅनवर लोकांनी मोटरहोम बांधली त्यांतले 2.4 लिटरचे ओएम 616 हे चार सिलिंडरचे इंजिन आपल्याकडे बजाज टेम्पोने परवान्यावर बनवले. ते वेगाला मंद होते, चढाला रडायचे, पण आयडलवर तासन्‌तास ठेवले तरी त्याच्या पोटात चोंदायला जाळीच नव्हती. काळा धूर सरळ बाहेर, तुमच्या-आमच्या छातीत.

अमेरिकेतल्या मोठ्या मोटरहोममध्ये नाव कमावलेले कमिन्सचे 5.9 लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन घ्या. मजबुतीसाठी लोक आजही त्याची शपथ घेतात. पण त्या इंजिनातही टायमिंग गिअरच्या कव्हरमागची एक छोटी डॉवेल पिन सैल होऊन गिअरमध्ये पडण्याचा धोका होता, आणि जाणते मालक एक पत्र्याचा तुकडा लावून ती आधीच जागेवर अडकवून टाकतात. बिनदोष इंजिन कोणीच बनवलेले नाही. कुठे दुखते हे विकत घेणाऱ्याला माहीत असले की तो सांभाळतो, एवढेच. उलट उदाहरण जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल डिझेलचे. 1978 मॉडेलच्या गाड्यांत ते आले, सिलिंडर हेडच्या बोल्टांची मांडणी पेट्रोल इंजिनाचीच ठेवली, डिझेलमधले पाणी वेगळे करणारा फिल्टरही दिला नाही. गॅस्केट गेली, पंप गंजले, आणि 1985 साली ते बंद पडेपर्यंत अमेरिकेत डिझेल मोटारीचे नाव पार खराब झाले. विकणाऱ्याने ‘डिझेल म्हणजे दणकट’ हे गृहीत धरले आणि भुर्दंड ग्राहकाने भरला. आपल्या पुस्तिकेतले ते पान वाचताना मला हेच आठवते.

आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 हे गाड्यांच्या धुराचे कडक मानक लागू झाले. डिझेल मोटारींसाठी धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला 25 मिलिग्रॅमवरून 4.5 मिलिग्रॅमवर आली आणि डीपीएफशिवाय गत्यंतर राहिले नाही. या बदलाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. उद्यमनगरात भट्टीचा धूर खाल्लेल्या माणसाला स्वच्छ धुराची किंमत कळते. कॉमन रेलचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल फवारणारे, नवे इंजिन घाटात जुन्यापेक्षा कितीतरी सरस चालते हेही मान्य. तक्रार एवढीच की इंजिन 2020 नंतरचे विकलेत आणि त्याचे शास्त्र 1980 सालचे सांगितलेत.

वॉरंटी मागितली तर आपण चासिस कंपनीकडे बोट दाखवता. तिच्या पुस्तिकेत दीर्घकाळ आयडलिंगमुळे झालेले नुकसान वॉरंटीतून वगळलेले आहे. ती म्हणते, एसी इंजिनावर चालवायची व्यवस्था बॉडी बांधणाऱ्याची. म्हणजे चासिस कंपनीची ही अट आपल्याला ठाऊक होती, तरीही मुक्कामी एसी इंजिनावरच चालेल अशी गाडी आपण बांधलीत आणि तशी सूचना छापलीत. दोघांनीही हात वर केले, आणि मधल्या मध्ये मी.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(28) नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. आयडलिंगची अट आपल्या जाहिरातीत नाही, करारात नाही, पुस्तिकेत तर तिच्या नेमकी उलट सूचना आहे.

तेव्हा माझे म्हणणे असे. डीपीएफचे आणि ऑइल बदलण्याचे पूर्ण बिल आपण भरून द्यावे. पातळ ऑइलवर इंजिन चाललेले असल्याने टर्बो उघडून तपासावा, आणि पुढे टर्बो किंवा बेअरिंग गेले तर ते वॉरंटीत धरले जाईल असे लेखी द्यावे. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये आयडलचे तास, काजळी जाळण्याचे प्रयत्न आणि त्यांतले किती अर्धवट राहिले याची नोंद असते. ती संपूर्ण नोंद मला द्यावी, निवडक स्क्रीनशॉट नको. आपल्या माणसाने फोनवर “तो डेटा कंपनीचा असतो” असे सांगितले. गाडी माझी, इंजिन माझे, बिल माझे आणि डेटा तेवढा कंपनीचा, हे कोणत्या न्यायाने?

याखेरीज मुक्कामाचा एसी इंजिनावरून काढून स्वतंत्र करून द्यावा. लिथियम बॅटरी, गाडी चालताना ती भरणारा डीसी-डीसी चार्जर, टपावर सोलर पॅनेल आणि मुक्कामाच्या जागी बाहेरून वीज घेण्याचा सॉकेट असे केले की इंजिनाला रात्री निवांत झोपता येईल. त्याच्या वाजवी खर्चातला माझा वाटा बसून ठरवू, त्यात मी आडमुठेपणा करणार नाही. बिलाच्या बाबतीत मात्र एक रुपया सोडणार नाही.

आणि ते पान पुस्तिकेतून काढा. याच पुस्तिकेच्या भरवशावर उद्या कोणी मे महिन्यात लेकरांना घेऊन कोकणात उतरेल.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक जिथे राहतो तिथे दाद मागण्याची सोय कायद्यात आहे, त्यामुळे आपल्या मुख्यालयाच्या गावी मला हेलपाटे घालावे लागणार नाहीत. यावे आपल्यालाच लागेल.

आपला,
एक ग्राहक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

सोबत: पुस्तिकेतील पानाची छायाप्रत, डीपीएफ व ऑइलचे बिल, वर्कशॉपचा तपासणी अहवाल, ऑइलच्या थेंबाचा फोटो. गाडीचा व चासिसचा क्रमांक स्वतंत्र कागदावर.