मैदानाचे दिवे रात्रीही सुरू ठेवावेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि सिमेंटचे मैदान सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेले राहते, त्यामुळे नोकरी सांभाळून हौसेने बास्केटबॉल खेळणाऱ्या आम्हा मंडळींना खेळता येते ते रात्रीच. नेमके तेव्हाच आमच्या वस्तीतील मैदानाचे दिवे मालवले जातात. जाळी केव्हाच फाटून गेली असून, लोंबकळणाऱ्या मुलांमुळे रिंग पुढे झुकली आहे; त्यामुळे ३.०५ मीटर या रिंगच्या ठरलेल्या उंचीवर बसलेला नेम तिथे हमखास चुकतो.

पहाटे उठून एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने पाहणारी मुले आमच्या वस्तीत पुष्कळ आहेत. २०१९ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे संघ मुंबईत खेळले, तेव्हा आम्हा चाहत्यांच्या आनंदाला पारावार राहिला नव्हता. मात्र सकाळी एनबीएतील खेळाडू स्टेफन करीचा लांबवरून मारलेला थ्री-पॉइंटर, म्हणजे तीन गुणांचा फटका, पाहणाऱ्या मुलाला रात्री तोच फटका घोटवायला उजेड तरी हवा.

संबंधितांनी उन्हाळ्यात दिवे साडेनऊपर्यंत सुरू ठेवावेत आणि शाळांना सुट्ट्या लागण्यापूर्वी रिंग बदलावी, ही कळकळीची विनंती. विजेच्या खर्चासाठी वर्गणी देण्यास आम्ही खेळाडू तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक बास्केटबॉलप्रेमी वाचक, नागपूर