पुळणीवर आलेल्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

नाव छापलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून नुसतं 'सर' लिहितेय. ओळखाल तुम्ही.

गुहागरला आमच्या माडांच्या वाडीपुढे, समुद्रकाठच्या कोरड्या वाळूवर जांभळ्या फुलांची वेल पसरलीय. पुळण साफ करायला येणारी पोरं ती उपटणार होती, म्हणून मी विचारत फिरत होते. एका नर्सरीवाल्याने फोटो धड न बघता 'बेशरमचं झाड आहे, काढून टाका' असा निकाल दिला. एका जाणकारांनी तर 'असली तणं विचारायला आम्हीच सापडलो का?' म्हणून वाटेला लावलं. (त्यांच्याकडे म्हणे परदेशी ऑर्किडं आहेत. असोत बापडी.)

तुम्ही सकाळीच आलात, दुपारी फुलं मलूल होतात म्हणून. पान न तोडता बोटांवर धरलंत: जाड, तुकतुकीत, टोकाला खाच पडून दोन दळं झालेलं, थेट आपट्यासारखं. म्हणालात, "बेशरमचं पान टोकदार, ती उभी वाढते आणि मूळची दक्षिण अमेरिकेतली. ही आपली मर्यादवेल." बी समुद्रावर तरंगत जातं म्हणून उष्ण प्रदेशांतल्या किनाऱ्यांवर ती जगभर आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 सालीच नोंदवून ठेवलेली वेल, आणि आमच्या जाणकारांच्या लेखी तण!

मग एक फाटा अलगद उचलून पेरापेरातून वाळूत उतरलेली मुळं दाखवलीत. यांनीच वाळू धरून ठेवलीय, म्हणालात. मी चपला शोधायला वळले. सहज मागे बघितलं तर तुम्ही गुडघ्यांवर बसून तो फाटा होता तिथे ठेवत होतात, मुळांवर दोन्ही हातांनी वाळू लोटून थोपटत होतात. सर, नाव कळल्याचा आनंद आहेच, पण मला ते थोपटणं विसरता येत नाही. शिकलेली माणसं खूप भेटतात हो. समोरच्याला अडाणी न ठरवता सांगणारी, दाखवायला उचललेलं परत जागेवर ठेवणारी किती भेटतात?

पोरांना मी तीच मुळं दाखवली. आता ती प्लॅस्टिक तेवढं वेचतात, वेलीला हात लावत नाहीत. नर्सरीवाला अजून बेशरमच म्हणतो.

आईचा निरोप आहे: गेल्या खेपेला नुसत्या पाण्यावर गेलात, आता सोलकढी-भात खाल्ल्याशिवाय सुटका नाही.

आपली,
माडांच्या वाडीतली