चौथऱ्यावर शिल्पकाराचेही नाव हवे

संपादक महोदय,

उद्यानांच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला की नवी कारंजी आणि फायबरचे डॉल्फिन यांचीच चर्चा होते. बागांमध्ये कित्येक वर्षांपासून उभी असलेली अस्सल शिल्पे मात्र त्या चर्चेत कुठेच नसतात. भायखळ्याची राणीची बाग हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा असून त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हणायला सुरुवात केली. १८६४ साली हा हत्ती इंग्लंडला नेण्याचा घाट घालण्यात आला; परंतु उचलताना त्याचे तुकडे झाले, ते तुकडे या बागेत आणले गेले आणि पुढे १९१४च्या सुमारास ते सांधून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. त्याच्या अंगावरचे सांधे जवळून न्याहाळले, तर हा सारा इतिहास दगडातच वाचता येतो. मात्र त्यासाठी तो आधी कोणीतरी सांगितलेला असावा लागतो. हत्तीसमोर फोटो काढून पुढे जाणाऱ्या मुलांना तो कोण सांगणार?

ज्या ब्राँझच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे फोर्टमधल्या चौकाला ‘काळा घोडा’ हे नाव पडले, तोही १९६५ पासून याच बागेत आहे. जोसेफ एडगर बोहम या शिल्पकाराने घडवलेला सातव्या एडवर्डचा हा पुतळा १८७९ मध्ये सर अल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिला होता. परकीय सत्ताधीशांचे पुतळे भर चौकातून हलवणे योग्यच होते, आणि ते फोडून न टाकता बागेत ठेवण्यात त्या वेळच्या कारभाऱ्यांनी शहाणपणच दाखवले. त्यांची निगा राखणे म्हणजे साम्राज्याचा गौरव करणे, हा आक्षेप मला तरी पटत नाही.

आपल्याकडच्या कोनशिलांवर अनावरण करणाऱ्या मान्यवरांची नावे पदांसकट कोरलेली असतात. ज्याने महिनोन्‌महिने माती, मेण आणि धातूशी झुंज घेतली, त्या शिल्पकाराचे नाव मात्र बहुधा शोधूनही सापडत नाही. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा रघुनाथ कृष्ण फडके यांनी घडवला, हे तेथून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? त्यात भर म्हणजे जयंती जवळ आली की अनेक ठिकाणी ब्राँझला सोनेरी ऑइलपेंट फासला जातो. त्याने धातूवर कालांतराने चढलेली मूळ झाक तर झाकली जातेच, शिवाय चेहऱ्यावरच्या बारीक रेषाही बुजून जातात.

प्रत्येक सार्वजनिक शिल्पाजवळ शिल्पकार, माध्यम, वर्ष आणि शिल्प दुसरीकडून आणले असल्यास त्याची मूळ जागा सांगणारा मराठी फलक लावावा, तसेच जाणकार संवर्धकाच्या लेखी सल्ल्याशिवाय कोणत्याही शिल्पाला रंग लावू नये, असा नियम पालिकेने करावा. फलकांच्या मजकुराचे काम सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडे सोपवता येईल. भायखळ्याहून ते फारसे दूरही नाही.

– एक वाचक, मुंबई