आई-बाबा, त्या कागदावर सही करू नका

पुणे

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबांचा खोकला थांबेना, त्यामुळे बोलणं अर्धवटच राहिलं. शिवाय या गोष्टी कानावरून गेल्या की विसरतात. कागद हाताशी असला की चष्मा लावून पुन्हा वाचता येतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी महत्त्वाचं. मालकांच्या मुलानं दिलेल्या स्टॅम्पपेपरवर दोघांनीही सही करू नका. तो तोंडानं म्हणतोय, "वरचं मातीचं माळवद काढून स्लॅब टाकतो, दोन महिने लेकीकडे जाऊन राहा, मग या परत." पण आईनं पाठवलेल्या फोटोत कागदावर लिहिलंय, "जागा स्वखुशीने रिकामी करून ताबा देत आहे." परत येण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. उद्या वाद झाला तर कोर्ट कागद बघेल, त्याचं बोलणं नाही.

बाबा, तुम्ही म्हणता त्याच्या वडिलांनी आपल्याला कधी वावगा शब्द बोलला नाही. खरंच आहे, मीही त्यांच्या ओसरीवर खेळले आहे. पण ते आता नाहीत, आणि सोलापूरच्या साखर पेठेतल्या जागेला आज काय भाव आलाय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो खरंच परत जागा देणार असेल, तर तेच लिहून द्यायला त्याची हरकत नसावी.

मी इथे एका वकीलबाईंना विचारलं आणि कायदाही वाचून काढला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे, 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या कलम 14 प्रमाणे, उलट करार केलेला नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. आपला तसा करार नाही, आहेत त्या फक्त भाड्याच्या पावत्या. भाडेकरूनं लेखी नोटीस द्यायची. निदान पंधरा दिवसांची वाजवी मुदत देऊनही मालकानं हालचाल केली नाही, तर भाडेकरूनं स्वतः काम करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापता येत नाही. आपलं भाडं महिना 300 रुपये, म्हणजे वर्षाला 900 रुपयेच वळते होणार. त्यात आजकाल गवंडी एक दिवस येतो. तेव्हा या कलमानं आपल्याला छप्पर मिळणार नाही, हे मला स्पष्ट दिसतंय. जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत कायद्याची ही बाजू फारच लंगडी आहे. तरीही नोटीस द्यायचीच, कारण आपण तक्रार कधी केली याचा तोच पुरावा. बाबा, पोहोचपावतीचं मोल मी तुम्हाला काय सांगू, हयात पोस्टात गेली तुमची! स्पीड पोस्टानं पाठवा आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा.

आता घर रिकामं करण्याचं. दुरुस्तीसाठी जागा रिकामी लागणं हे मालकाला ताबा मागण्याचं कायदेशीर कारण आहे, कलम 16 मध्ये ते आहे. पण त्यासाठी त्यानं कोर्टात जायचं असतं. तिथे कोर्ट भाडेकरूला विचारतं की काम झाल्यावर तुम्हाला परत यायचंय का. हो म्हटलं तर ते हुकूमनाम्यात नोंदवतात आणि काम संपल्यावर मालकाला जागा परत द्यावी लागते. हे कलम 18. त्या स्टॅम्पपेपरवर सही केलीत तर आपण हे सगळं आपल्या हातानं सोडून देतो. कोर्टकचेरी कुणालाच नको असेल, तर वकिलाकडून साधा करार करून घेऊ: कुठल्या खोल्या, किती चौरस फूट, काम कधी संपणार, परत आल्यावर भाडं किती, तोवर सामान कुठे राहणार. आणि मधल्या खोलीची किल्ली आपल्याकडेच राहील.

नळाचंही तेच. सोलापुरात आधीच पाणी दिवसाआडसुद्धा येत नाही, जेव्हा येतं तेव्हा घागरी, पिंप, पातेली सगळं भरून ठेवायचं, आणि नेमकी तीच जोडणी "कामात अडचण होते" म्हणून त्यानं तोडून ठेवायची? पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय यातलं काहीही मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. कलम 29 मध्ये तो गुन्हा आहे, आणि कोर्ट ते पुन्हा सुरू करायला लावू शकतं. नोटिशीत हा मुद्दा वेगळा लिहायचा.

परवा व्हिडिओत आईनं स्वयंपाकघर दाखवलं, ते डोळ्यांपुढून हलत नाही. अर्धं माळवद उकललेलं, तुळईला लाकडी टेकू आणि वर बांधलेली निळी ताडपत्री. भाकरी थापताना वरून पांढरी माती परातीत पडत होती आणि आई ते पीठ बाजूला काढून पुन्हा मळायला घेत होती. बाबांच्या दम्याला ही धूळ विषासारखी आहे. म्हणूनच सांगते, हक्क सांभाळायचा म्हणून त्या टेकूखाली झोपायचं नाही. पुढच्या खोलीत झोपा, मागच्या बाजूला पाऊल टाकू नका.

महापालिकेनं इमारत धोकादायक ठरवून नोटीस लावली तर एक दिवसही थांबू नका, लगेच बाहेर पडा. इमारत पाडली की भाडेकरूचा हक्कही संपला, असं आपल्या पेठेत सगळेच म्हणतात. ते खरं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये स्पष्ट केलंय की बांधकाम पाडलं गेलं एवढ्यावरून भाडेपट्टा संपत नाही. मात्र बाहेर पडण्याआधी खोल्यांची मापं, फोटो आणि जुन्या पावत्या माझ्याकडे पाठवा. विजेची बिलंही.

भाडं थांबवू नका. राग येणं साहजिक आहे, मलाही येतो. पण थकबाकी हे घर काढून घ्यायला त्याच्या हातात दिलेलं आयतं कारण होईल. तो घेत नसेल तर मी इथून दर महिन्याला त्याच्या बँकेच्या खात्यात भरते, म्हणजे नोंद राहील.

(माझ्या इथल्या फ्लॅटची तुलना करू नका. माझा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आहे, माझी सगळी मदार करारात काय लिहिलंय त्यावर. तुमचं भाडेकरूपण जुनं आहे, त्याला जास्त संरक्षण आहे.)

आई, आजीच्या माघारी पावती तुझ्या नावावर झाली, त्याचा आता उपयोग आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बाईमाणसाला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. 1987 च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. त्यात कमीपणा काही नाही. नोटीस तुझ्या सहीनं जाईल, मसुदा मी केलाय. त्यातलं मुख्य वाक्य असं: "दुरुस्तीस माझी हरकत नाही. परंतु काम पूर्ण झाल्यावर त्याच जागेत, आहे त्याच अटींवर मला पुन्हा ताबा मिळेल असे लेखी मिळाल्याखेरीज मी जागा रिकामी करणार नाही." शेजारच्या काकूंच्या दोन खोल्यांवरही तेच माळवद आहे. त्या तयार असतील तर नोटीस एकत्र देऊ, कायद्यानं तशी मुभा आहे.

शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं येते. शनिवारी आपण तिघं मालकांच्या मुलाशी बसून बोलू, भांडायचं नाही. तोवर तो आलाच तर "मुलगी येतेय, तिच्यासमोर बोलू" एवढंच सांगा. बाबा, इनहेलर उशाशी ठेवा. आई, मागचा संडास बंद आहे तोवर रात्री काकूंकडे एकटी जाऊ नकोस, बाबांना हाक मार.

तुमची,
शुभा

ता. क. त्या स्टॅम्पपेपरची मूळ प्रत परत देऊ नका, कपाटात ठेवा. मला बघायचीय.