ईव्हीच्या कोर्सला बसलोय, हस पोटभर

दिल्या लेका,

दिवाळीपासून काही कळवलं नाही, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी, शुगर आहे तशीच, गोळ्या चालू.

बातमी अशी की मी ईव्हीच्या, म्हणजे बॅटरीवाल्या गाड्या दुरुस्तीच्या, कोर्सला बसलोय. संध्याकाळी गॅरेजचं शटर ओढून जातो. पहिल्या दिवशी पोरांना वाटलं मीच सर, सगळी उठून उभी राहिली, मीपण बसा बसा म्हणून घेतलं.

2020च्या एप्रिलला बीएस सिक्स, धुराचा नवा नियम, आला आणि बहुतेक नव्या गाड्यांतनं कार्बोरेटर गेला तेव्हा वाटलं, जुन्या गाड्या आहेत की, आपल्याला पुरतील. कार्बोरेटरचा एअर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण बसवायचा, दीड-दोन आटे उघडायचा आणि कान लावायचा, एवढ्यावर घर चाललं बघ. मग कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाड्यांसाठी स्कॅनर घेतला, त्याचे हप्ते फिटतायत न फिटतायत तोवर बॅटरीवाल्या स्कूटर दारात. त्यात ते ई20, म्हणजे उसाबिसाचं वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, जुन्या गाडीचे रबरी पाइप घेऊन गिऱ्हाईक माझ्याच डोक्यावर. आण्णा म्हणतात, कारखान्याला ऊस आम्हीच घालायचा आणि गाडीलाही आम्हीच पाजायचा!

शिकायचं मला जड नाही रे. तू भोसरीत लेथवरनं व्हीएमसीवर, त्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवर, गेलास तेव्हा मलापण चल म्हणालास, मी नाही म्हटलं, त्यावरनं किती भांडलो, आणि त्याच रागात तू यामाहा आरएक्स मला न विचारता विकलीस. आज लाखभर आले असते, गाढवा.

तर परवा सरांनी बंद पडलेली स्कूटर आणली. मागचं चाक हातानं फिरवलं तर अडकत अडकत फिरतंय. मोटरच्या तीन जाड वायरी कंट्रोलरपासून, म्हणजे मोटरला करंट देणाऱ्या डब्यापासून, सोडवल्या, परत फिरवलं, चाक मोकळं! म्हणजे मोटर ठीक, कंट्रोलर आतनं शॉर्ट. सर मीटर काढेपर्यंत मी सांगून मोकळा. हाताला कळलं रे, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू, घरी सांगितलं तर ही म्हणाली, त्याचे पैसे किती मिळाले?

आणि तिथंच घोडं अडलंय. कंट्रोलर गेलाय हे मला कळतंय, पण बऱ्याच गाड्यांत नवा बसवला तरी कंपनीचा लॅपटॉप जोडल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि ते सॉफ्टवेअर फक्त त्यांच्या सर्व्हिस सेंटरला. राईट टू रिपेअरसाठी, म्हणजे वस्तू कुठंही दुरुस्त करता यावी म्हणून, सरकारनं 2022ला समिती नेमली, पोर्टल काढलं, सगळं खरं, पण गल्लीतल्या गॅरेजवाल्याला लॉगिन कोण देतंय? म्हणजे शिकायचं माझ्या पैशानं, माझ्या रात्री घालून, आणि कुलपाची किल्ली त्यांच्या खिशात. उद्या परत काहीतरी नवीन आलं की परत फी भरा.

आता एक सर्व्हिस सेंटरवाला बोलवतोय. पगार ठरलेला, लॅपटॉप हातात, पण गॅरेज बंद करायचं. परश्या दहावीनंतर माझ्याकडंच वाढलाय, त्याला काय सांगू? त्याला घेत नाहीत, सर्टिफिकेट नाही म्हणे. मी म्हटलं आधी त्याला कोर्सला बसवतो, तर तो म्हणतो, मालक, फी तुम्ही भरणार का? भरीन की, पण मग हप्ते?

तुझं कसंय? पिंकीचा निकाल लागला का? वहिनींचा गुडघा बरा असेल. नाईट शिफ्ट सोड म्हणून सांगितलेलं, ऐकणार नाहीस.

रविवारी फोन उचल. त्यांना सोमवारी हो की नाही सांगायचंय.

तुझा,
बाळ्या