बाबा, गाडीत कॅमेरा बसवूया

ती. बाबा आणि आई यांना
शि. सा. न.

बाबा, फोनवर हा विषय काढला की तुम्ही "बघू" म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून लिहायला बसले. गाडीसाठी डॅशकॅम, म्हणजे समोरच्या काचेला लावून रस्ता टिपणारा कॅमेरा घेतलाय, रविवारी येताना आणते. का घेतला, कुठला घेतला, कसा वापरायचा, ते सगळं लिहिते. सावकाश वाचा. नको वाटलं तर तसंही सांगा, परत करता येतो.

पाटणजवळ काय झालं ते आईने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. समोरून येणारा मोटारसायकलवाला उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करत तुमच्या अंगावर आला. तुम्ही गाडी पार साइडपट्टीवर उतरवली, तरी त्याचं हँडल आरशाला लागलंच. पोरगा पडला, कोपर खरचटलं आणि बघता बघता माणसं जमली. "म्हातारं माणूस, दिसत नसंल, कशाला गाडी चालवायची?" तुम्ही त्याच्या दुरुस्तीचे पैसे देऊन मोकळे झालात. पैशांचं काही नाही, बाबा. पण तेव्हापासून गाडी अंगणात उभी आहे, आणि चिपळूणला काकूकडे जायचं तर तुम्ही दोघं एसटीच्या रांगेत उभे राहता. हे मला बघवत नाही.

पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं, त्यासाठी डॉक्टरांचा १-ए फॉर्म लागतो. तुमचं गेल्याच वर्षी झालं, डोळे तपासून झालं. पण रस्त्यावर हे कोण विचारतो? तिथे ज्याची गाडी मोठी त्याची चूक, आणि त्यात केस पांढरे असले की बोलायलाच नको. त्या दिवशी समोरच्या काचेवर कॅमेरा असता तर ट्रॉली, तिच्यामागून बाहेर आलेली मोटारसायकल आणि तुम्ही डावीकडे घेतलेली गाडी, सगळं एका मिनिटाच्या क्लिपमध्ये असतं.

आता कॅमेऱ्याचं. बाजारात सिमकार्ड घातलेलेही मिळतात. गाडी कुठे आहे, काय चाललंय, ते लांब बसून मोबाइलवर दिसतं. दुकानदार मला तोच घ्या म्हणत होता, "आईवडिलांसाठी बेस्ट आहे, मॅडम." मी मुद्दाम नाही घेतला. तुम्ही उंब्रजला चहाला किती वेळ थांबलात हे मी पुण्यात बसून बघायचं, हे मला पटत नाही. हा कॅमेरा तुमच्या बाजूचा साक्षीदार म्हणून आणलाय. रेकॉर्डिंग कार्डावर राहतं, कार्ड गाडीत राहतं, आणि गाडी तुमची आहे. हेही सांगते, की तुमचं कधी चुकलं तर तेही त्यात दिसेल. दिसू दे. आपण दोघं बसून बघू.

पुढचा कॅमेरा टूके, म्हणजे १४४० पी. त्याहून बारीक टिपणारा फोरके घेतला असता, पण कार्ड लवकर भरतं आणि रात्री त्याचा म्हणावा तसा फायदा होत नाही. मागच्या काचेसाठी एक छोटा आहे. दोन्ही मिळून कार्डासकट साडेआठ हजार पडले. सगळ्यात जास्त विचारपूस मी एकाच गोष्टीची केली: आत बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर, म्हणजे बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग. आपली गाडी उन्हात उभी असते. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत काचेजवळ इतकं तापतं की लिथियमची बॅटरी फुगते. सुपरकपॅसिटर उष्णता सोसतो. वीज गेल्यावर शेवटची क्लिप नीट बंद करण्यापुरती ताकद त्यात असते, आणि तेवढी पुरे. कार्डही साधं मोबाइलचं चालत नाही. यात गाडी चालू असेपर्यंत सतत लिहिणं-पुसणं चालू असतं, साधं कार्ड काही महिन्यांत मान टाकतं आणि नेमकं हवं त्या दिवशी कळतं. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं १२८ जीबीचं घेतलंय.

गाडी सुरू केली की कॅमेरा आपोआप सुरू होतो, तुम्हाला काही करायचं नाही. एक-एक मिनिटाच्या क्लिप तयार होतात, कार्ड भरलं की सर्वांत जुनी पुसून तिच्या जागी नवी येते. धक्का बसला की आतला सेन्सर ती क्लिप वेगळी ठेवतो, ती पुसली जात नाही. पण हलकं घासलं तर सेन्सरला पत्ताही लागत नाही. आरसा हँडलला लागला तेवढं त्याला कदाचित कळलंही नसतं. म्हणून एक बटण आहे, काही झालं की ते दाबायचं. लेन सोडली की पिकपिक करणारी सोय मी बंद करून आणते. कुंभार्ली घाटात ती वळणावळणाला ओरडेल आणि उगाच लक्ष जाईल.

बसवायचा आरशाच्या मागे, डाव्या अंगाला, म्हणजे तुमच्या नजरेत येणार नाही आणि वायपर जिथे काच पुसतो तिथेच असेल. पावसाळ्यात हे महत्त्वाचं. वायर छताच्या कडेने आत दाबून सिगरेट लायटरच्या सॉकेटला. फ्यूजमधून कनेक्शन घेऊन पार्किंगमध्येही चालू ठेवता येतो, पण तो बॅटरी खातो, आणि गाडी आपल्याच कुंपणात असते. नकोच ते.

आई, डॅशबोर्डवरचा गणपती तिथेच राहू दे. फक्त त्याच्याखालचा पांढरा रुमाल काढ. उन्हात त्याचं प्रतिबिंब काचेवर पडतं आणि रेकॉर्डिंगमध्ये रस्त्याच्या मधोमध पांढरा डाग दिसतो. गडद कापड घातलंस तर चालेल. आतून काच आठवड्यातून एकदा पुसायची.

आवाजाबद्दल. माइक चालू ठेवावा असं माझं मत आहे. इंडिकेटरची टिकटिक त्यात स्पष्ट ऐकू येते, म्हणजे वळताना तुम्ही खूण दिली होती हे सिद्ध होतं. दुसरं म्हणजे रात्री बहुतेक कॅमेरे नंबरप्लेट धड टिपत नाहीत. हेडलाइटचा उजेड प्लेटवर पडला की नुसतं पांढरं दिसतं, आणि गाडी वेगात असली की आकडे फरफटतात. तेव्हा बाबा, ज्याने कट मारला त्याचा नंबर दिसला की मोठ्याने वाचायचा, "एमएच पन्नास" करत पूर्ण. तो आवाज रेकॉर्ड होतो. आई, भजनाच्या मैत्रिणी गाडीत असल्या की माइक बंद कर. बटण दाखवते. त्यांच्या घरच्या गोष्टी कार्डावर कशाला?

काही झालंच, तर आधी माणूस बघायचा. १०८ ला फोन, नाहीतर ११२. जमावापुढे "माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे" असं अजिबात म्हणायचं नाही. तापलेल्या माणसांसमोर कॅमेरा आणि कार्ड दोन्ही जातील. बटण दाबा, आणि जखमी माणसाची सोय लागली की गाडी बंद करून कार्ड काढून खिशात ठेवा. पोलिसांनी मागितलं तर द्यायचं, पण पंचनाम्यात नोंद करून आणि पोच घेऊन, जमल्यास आधी कॉपी काढून. क्लिप कापायची नाही, त्यावर काही लिहायचं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा रेकॉर्डसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा असतो. फाइलमध्ये जरा फरक केला की तो आकडा बदलतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो, तो मूळ धरता येत नाही. म्हणून घरच्या ग्रुपवर टाकायचं नाही, काकांनी कितीही मागितलं तरी.

एक काम महिन्याला करायचं: कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून कार्ड फॉरमॅट करायचं, म्हणजे पूर्ण कोरं करायचं, आणि तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघायचं. चुकीच्या तारखेच्या क्लिपवर समोरचा वकील पहिलं बोट ठेवील. वाणसामानाची यादी करता त्या दिवशी हेही उरकत जा.

रविवारी सकाळी दहापर्यंत पोचते. बॅटरी उतरली असेल, तेव्हा शनिवारी मेकॅनिकला बोलावून गाडी सुरू करून ठेवा आणि चाकांत हवा भरून घ्या. कॅमेरा बसवून झाला की दुपारी कोयनानगरपर्यंत जाऊन येऊ. चालवणार तुम्ही, मी मागे बसेन. सगळं ठीक वाटलं तर पुढच्या आठवड्यात चिपळूण. आई, काकूला तसं कळवून ठेव, पण जेवायला फार काही करू नको म्हणावं.

तुमची,
वैजू